होडीतला घोडा

ठाण्याहून भाईंदरकडे येताना खाडीच्या काठाशी घोडबंदर लागते. या नावाची फोड करायला कोणी पंडित बोलवावा लागत नाही. अरबस्तानाकडून आणि इराणकडून गलबतांतून आलेले घोडे येथे उतरत, म्हणून हे घोडबंदर, असे गावोगावचे म्हातारे सांगत आले आहेत. पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधला, 1737 साली तो मराठ्यांनी घेतला. किल्ल्याचा इतिहास शाळेच्या पुस्तकात सापडतो. पण त्या घोड्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही. ते गलबतात उभे कसे राहिले असतील, लाटेत त्यांचे पाय कसे ठरले असतील, चारा-पाणी कोठे साठवले असेल, आणि किनाऱ्याच्या चिखलात त्यांना उतरवताना खलाशांच्या तोंडून कोणते शब्द निघाले असतील, हे सारे खाडीच्या पाण्याबरोबर वाहून गेले.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने इराणच्या आखातात होर्मुझ येथे ही घोडे नेणारी गलबते पाहिली आणि त्यांना भरपूर नावे ठेवली. त्यांना लोखंडी खिळे नसत. फळ्या नारळाच्या काथ्याने शिवलेल्या असत. वर डेकही नसे. माल भरून झाला की त्यावर कातडी पसरायची आणि त्या कातड्यांवर हिंदुस्थानात विकायचे घोडे उभे करायचे. त्याच ग्रंथात आपल्या ठाण्याचीही एक हकिगत आहे, आणि ती काही भूषणावह नाही. ठाण्याच्या राजाने म्हणे समुद्रावरच्या चाच्यांशी सरळ करार केला होता: जहाजे खुशाल लुटा, सोने-नाणे तुम्ही ठेवा, पण लुटीत मिळेल तो प्रत्येक घोडा माझा. राजाला सोन्यापेक्षा घोडा हवा होता, कारण घोड्याखेरीज त्याचे राज्य हलत नव्हते.

या दोन्ही हकिगतींत एक साधी गोष्ट दडलेली आहे. होडी माणसाला काठापर्यंत नेते, घरापर्यंत नेत नाही. नाळ वाळूला टेकली की तिचे काम संपले. पुढची वाट पायांची. म्हणून पाण्यावरून जाणाऱ्या माणसाला पहिल्यापासून पलीकडच्या जमिनीची चिंता लागलेली असते, आणि ज्याला परवडते तो आपले वाहन बरोबर घेऊन निघतो. राजे-सावकार घोडे घेऊन निघाले. गरीब माणसाच्या वाट्याला असे वाहन यायला मात्र सहाशे वर्षे जावी लागली. ते आले तेव्हा त्याला चारा लागत नव्हता, ते लाथ मारीत नव्हते, आणि त्याला आपल्या लोकांनी सुरुवातीला मोठे गोड नाव दिले होते: पायगाडी.

मीरा-भाईंदरचा नकाशा समोर ठेवला तर या पायगाडीचे आणि होडीचे नाते चटकन ध्यानात येते. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला मनोरीची खाडी. मध्ये उत्तन, डोंगरी, गोराई, मनोरी ही लांबट पट्टी. जुन्या कागदांत तिला धारावी बेट म्हटले आहे. मुंबईतल्या धारावीशी तिचा संबंध नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेला वसई घेण्यापूर्वी ही धारावी घ्यावी लागली, कारण येथे ज्याचे निशाण त्याच्या हाती खाडीचे तोंड. 1739 च्या मे महिन्यात वसई पडली. त्या मोहिमेत घोडदळाला अडवले ते तटांइतकेच या खाड्यांनी आणि चिखलाने.

पुढे 1864 साली गुजरातकडून येणारा लोहमार्ग मुंबईला भिडला. भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये खाडीत लोखंडी खांब उभे राहिले आणि त्यांवरून आगगाडी धावू लागली. मधल्या पाणजू बेटाच्या दोन्ही बाजूंनी पूल गेला. पण पूल आगगाडीचा होता. त्यावरून गाडीत बसून जाता येई. बैल घेऊन, हातगाडी घेऊन किंवा पुढे सायकल घेऊन जाता येत नसे. पाणजूच्या डोक्यावरून गाड्या धडधडत गेल्या आणि बेटावरची माणसे मात्र होडीवरच विसंबून राहिली. पूल झाला म्हणजे सर्वांची सोय झाली, असे आपण समजतो. पूल कोणासाठी झाला, हे विचारायचे राहून जाते.

आता पायगाडीची जन्मकथा थोडक्यात सांगतो. इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने 1885 साली दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल आणली. 1888 साली डनलॉपने हवेच्या धावेचा शोध लावला. त्यापूर्वीची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीइतके उंच चाक आणि मागे भाकरीएवढे. तिच्यावर चढणे हीच एक कसरत. विशेष म्हणजे त्याच 1888 साली आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा सायकलींशी संबंध आला. ते तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत. मुंबईत सायकली घ्यायच्या आणि बेळगावला बंधू रामूअण्णांकडे विक्रीसाठी पाठवायच्या, असा तो उद्योग होता. सायकल शिकवण्याची फी पंधरा रुपये होती असे सांगतात. त्या काळी पंधरा रुपयांत एखाद्या शिक्षकाचा महिना निघत असेल. यावरून सायकल कोणाची होती ते कळते. ती घोड्यासारखीच समुद्रावरून, गवतात गुंडाळून, खोक्यात बंद होऊन येत होती आणि घोड्यासारखीच श्रीमंतांची होती.

ती गरिबाची झाली ती कारखाने इकडे निघाल्यावर. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर वरळीला हिंद सायकलचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ टी. आय. सायकल्स, सोनिपतला ॲटलस, 1956 पासून लुधियान्याला हीरो, अशी रांग लागली. त्यांपैकी काही कारखाने केव्हाच बंद पडले. पण दहा-पंधरा वर्षांत त्यांनी जे केले ते एखाद्या सरकारी योजनेला साधले नसते. दूधवाला, पाववाला, पोस्टमन, मिठागरावरचा मुकादम आणि शाळामास्तर यांना त्यांनी चार कोसांची जमीन मिळवून दिली. चार कोसांपर्यंत कोठे नोकरी असेल तर ती करता येऊ लागली; मुलीचे सासर तेवढ्या अंतरावर असेल तर संध्याकाळी जाऊन रात्री परतता येऊ लागले.

पण या किनाऱ्यावर चार कोस सलग मिळत नाहीत. मध्ये कोठे तरी खाडी आडवी येते. मग सायकल होडीत चढते.

जगातही असेच झाले आहे. सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस टॉमस स्टीव्हन्स 1884 साली सॅन फ्रान्सिस्कोहून त्या उंच चाकाच्या सायकलीवर निघाला आणि 1886 च्या अखेरीस योकोहामाला पोहोचला. वाटेत त्याने लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोड तुडवला. त्याच्या प्रवासाची आपण तारीफ करतो ती चाकांची; पण अटलांटिक त्याने आगबोटीने ओलांडला आणि कलकत्त्याहून हाँगकाँगलाही आगबोटीनेच गेला. 1923 च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून जगाच्या सफरीला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा या तिघांनी ती पुरी केली आणि 1928 च्या मार्चमध्ये ते मुंबईला परतले. चव्वेचाळीस हजार मैलांची ती मजल. इराणचे वाळवंट त्यांनी पायांनी जिंकले, पण युरोपात उतरायला, अमेरिकेला जायला, जपान गाठायला त्यांनाही सायकली जहाजावर चढवाव्या लागल्याच. कॅप्टन स्कॉटच्या 1910 ते 1913 च्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत ‘टेरा नोव्हा’ या शिडांच्या आणि वाफेच्याही जहाजातून एक सायकल अंटार्क्टिकाला गेली होती. ग्रिफिथ टेलर या भूगर्भशास्त्रज्ञाने ती बर्फावर चालवून पाहिली आणि तो पार थकून गेला. जेथे कुत्री आणि तट्टे टिकेनात तेथेही माणसाला सायकल न्यावीशी वाटली, हे मला त्या फसलेल्या फेरीपेक्षा मोठे वाटते.

घडीच्या सायकलीची गोष्टही पाण्याशीच येऊन मिळते. दुसऱ्या महायुद्धात बी. एस. ए. कंपनीने छत्रीधारी सैनिकांसाठी मधोमध दुमडणारी सायकल केली; दोन चकत्या पिळल्या की सांगाडा मिटे. विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी ती केली खरी, पण 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅनडाचे सैनिक गुडघाभर पाण्यातून या सायकली खांद्यावर घेऊन उतरताना छायाचित्रांत दिसतात. पुढे सत्तरीच्या दशकात लंडनमध्ये अँड्र्यू रिची याने ‘ब्रॉम्प्टन’ बनवली. सोळा इंची चाके, आणि मिटल्यावर दोन फूट लांब, दोन फूट उंच, एक फूट रुंद असा गठ्ठा.

शिडाच्या छोट्या गलबतात संसार थाटून वर्षानुवर्षे समुद्र फिरणारी जी मंडळी असतात, त्यांनी ही घडीची सायकल उचलून धरली. त्यांचे गलबत तीस-चाळीस फुटांचे. त्यातच स्वयंपाक, त्यातच बिछाना, त्यातच शिडे, दोर, नांगर आणि औषधांची पेटी. नांगर पडतो तो गावापासून दूर, कारण जवळ धक्का असला तरी त्याचे भाडे परवडत नाही. मग भाजी, गॅसची टाकी, डिझेलचा डबा आणि डॉक्टर हे सारे दोन-तीन मैलांवर. तेथे ही सायकल घोड्याचे काम करते. परंतु ती ठेवायची कोठे? बाहेर कठड्याला बांधली तर लाट तिला हिसके देते, वारा तिच्यात अडकतो आणि खारे तुषार दिवसभर तिच्यावर पडतात. पोटात घ्यावी तर एका माणसाची निजायची जागा जाते. बहुतेक जण तिला पिशवीत घालून मागच्या कप्प्यात कोंबतात. आणि गलबतातून छोट्या होडीत उतरवताना आधी सांगाड्याला दोर बांधतात. म्हणजे हातून सुटलीच तरी समुद्राच्या तळातून ओढून काढता येते. हा नियम घोड्याच्या काळचाच आहे. आधी लगाम, मग उतार.

खरा शत्रू मात्र लाट नाही, मीठ आहे. आणि मिठाविषयी भाईंदरच्या माणसाला दुसऱ्याने शिकवायची गरज नसावी. आमच्या भोवती पिढ्यान्‌पिढ्या मिठागरे पसरलेली होती. शिलोत्री हा शब्द येथल्या घराघरांत ठाऊक आहे. समुद्राचे मीठ पावसाळी हवेत उघडे ठेवले की त्याला पाणी सुटते, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. हेच सायकलीच्या तारांवर होते. खाऱ्या वाऱ्याने आणलेला मिठाचा थर वाळलेला दिसतो, पण रात्री तो ओला होतो. ओले मीठ विजेला वाट देते आणि लोखंडाचा गंज झपाट्याने वाढतो. त्यातही जेथे दोन निराळे धातू एकमेकांना चिकटतात तेथे अधिक नुकसान. लोखंडी सांगाड्यात ॲल्युमिनियमची सीटची नळी असेल तर वर्षभरात ती अशी जाम होते की हातोडीलाही दाद देत नाही. उपाय जुनेच आहेत: गोड्या पाण्याने धुणे, फडक्याने पुसणे, सांध्यांत ग्रीस, साखळीला तेल. अलीकडे साखळीच्या जागी न गंजणारा पट्टाही आला आहे, पण तो महाग. गलबतावर गोडे पाणी घोटाघोटाने मोजलेले असते, म्हणून ही मंडळी पाऊस आला की सायकल बाहेर काढतात. होर्मुझच्या त्या गलबतांना खिळे नसत आणि काथ्याच्या शिवणी असत, त्याची मार्को पोलोने कुचेष्टा केली. पण काथ्या गंजत नाही, एवढे त्या कारागिरांच्या बाजूने म्हणता येते. आमच्या किनाऱ्यावर लाकडाला मुशीच्या काळजाचे तेल चोळीत, त्यामागेही हीच समज होती. समुद्राशी घरोबा करायचा तर तेलाचा हात सैल ठेवावा लागतो.

आमच्याकडे हे सारे पाहायचे तर लांब जायला नको. मालाडच्या मार्वे धक्क्यावरून मनोरीला होडी जाते. पाच-सात मिनिटांचे पाणी. हेच अंतर जमिनीवरून काटायचे म्हटले तर दहिसर, भाईंदर, उत्तन, गोराई असा तीस किलोमीटरहून मोठा वळसा पडतो. मी त्या होडीने पुष्कळदा गेलो आहे आणि दरवेळी सायकलवाल्यांकडे पाहत राहिलो आहे. भरतीला काम सोपे: होडी धक्क्याला लागते, पुढचे चाक उचलून आत टाकायचे. ओहोटीला पायऱ्यांवर शेवाळ असते, होडी खाली गेलेली असते. तेव्हा सांगाड्याच्या मधल्या दांड्यात खांदा घालून माणूस एकेक पायरी चाचपत उतरतो. होडीवाला बोलत नाही, नुसता एक हात पुढे करतो. सायकली एकीला एक टेकवून उभ्या करतात. एकीचा पायडल दुसरीच्या तारांत जाऊ नये म्हणून हँडले उलटसुलट ठेवतात. ही विद्या कोणत्याही पुस्तकात नाही. ती जो रोज जातो त्याला येते.

रविवारी पहाटे या होडीत निराळाच मेळा भरतो. मुंबईचे हौशी सायकलस्वार डोक्यावर शिरस्त्राण घालून उत्तनच्या रस्त्याला निघतात. एकेका सायकलीची किंमत ऐकून पाववाल्याचे डोळे विस्फारतात. पण होडीत बसल्यावर दोघांची तिकिटे सारखी आणि दोघांनाही शेवाळ सारखेच निसरडे. शाळेत मुलांना समतेचा धडा शिकवताना मला ही होडी आठवते, कारण असा धडा मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. मोटारीच्या रस्त्यावर हेच दोघे एकमेकांना दिसतसुद्धा नाहीत. दोघेही कडेच्या खड्ड्यातून जीव मुठीत धरून जात असतात.

हे लिहिण्याचे कारण निव्वळ आठवण किंवा हौस नाही. या खाड्यांवर आता मोठे बेत चालले आहेत. उत्तन ते विरार सागरी पुलाची आखणी पुढे आली आहे. आपल्या मासेमारीच्या जागा जातील म्हणून उत्तनच्या कोळ्यांनी तिला विरोध केला आहे. वर्सोव्याकडून भाईंदरपर्यंत किनारी रस्त्याचाही बेत आहे. पुलांना विरोध करणारा मी नव्हे. आजारी माणसाला भरती-ओहोटीची वाट पाहायला लावणे यात काव्य नाही. पण मुंबईतले ताजे दाखले डोळ्यांसमोर आहेत. 2009 साली वांद्रे-वरळीचा सागरी सेतू झाला. त्यावर पायी चालणाऱ्याला आणि सायकलीला मज्जाव. 2024 च्या जानेवारीत शिवडीपासून न्हावाशेव्याकडे जाणारा अटल सेतू खुला झाला. तेथेही सायकलीला आणि मोटारसायकलीला प्रवेश नाही. वाऱ्याचे आणि वेगाचे कारण देतात, आणि ते कारण खोटे नाही. परंतु त्याचा परिणाम काय होतो? पूल झाला की होडीचे उतारू घटतात, उतारू घटले की होडी बंद होते, आणि जो पुलावरून जाऊ शकत नाही त्याची वाट दोन्हींकडून तुटते. 1864 साली पाणजूच्या माणसांचे जे झाले तेच पुन्हा, फक्त मोठ्या मापाने.

याच वेळी एक उलट गोष्टही घडली आहे, तिची नोंद करायला हवी. 2024 च्या फेब्रुवारीत भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये मोटारी वाहणारी रो-रो बोट सुरू झाली. रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटरचे अंतर पाण्यावरून साडेतीन किलोमीटरच्या आसपास आले. कोकणात दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये 2003 पासून असल्या बोटी चालत आल्या आहेत. असल्या बोटीचे तोंड पुढे उघडते आणि उतरंड थेट धक्क्याला टेकते. वाहन खांद्यावर घ्यावे लागत नाही. ढकलत न्यावे, उभे करावे, पलीकडे ढकलत काढावे. घोडबंदरच्या घोड्यांना अशी उतरंड मिळाली असती तर पुष्कळ पाय वाचले असते. दीडशे वर्षे जी खाडी आगगाडीच्या खिडकीतून नुसती पाहण्याची होती, ती पुन्हा ओलांडण्याची झाली.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. नवा पूल होवो, पण त्याच्या कडेला चार फुटांची पायवाट असावी, जिच्यावरून माणूस सायकल हाताने धरून तरी जाऊ शकेल. ते शक्य नसेल तर होडी जिवंत ठेवावी आणि पुलाच्या टोलातून तिचा खर्च भागवावा. धक्क्याच्या पायऱ्यांवरचे शेवाळ दर पंधरवड्याला खरवडले जावे. ओहोटीसाठी एक रुंद, खाचा पाडलेली फळी असावी. आणि धक्क्याच्या माथ्यावर गोड्या पाण्याचा एक नळ असावा, म्हणजे पलीकडून आलेला पाववाला निघण्यापूर्वी साखळीवरचे मीठ धुऊन घेईल. ठाण्याच्या त्या राजाला घोड्याची किंमत कळत होती, म्हणून तो दुसऱ्यांचे घोडे घेत होता. आपल्याला कोणाचे काही घ्यायचे नाही. ज्याचे त्याचे वाहन त्याला पलीकडे नेऊ द्यायचे, एवढेच.